एमबीबीएसच्या जोडीला दुसरी पदवी : या चुका टाळा

दरवर्षी एमबीबीएसचा अंतिम निकाल लागला की आमच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (पीएसएम, म्हणजे समाजाचे आरोग्य आणि रोगप्रतिबंध यांचा विषय) विभागात काही विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात : ‘सर, डॉक्टरकीबरोबर आणखी काय शिकू?’ कोणाला कायदा शिकायचा असतो, कोणाला सार्वजनिक आरोग्य, कोणाला व्यवस्थापन, तर अलीकडे बऱ्याच जणांना अभियांत्रिकी आणि डेटा सायन्सची ओढ लागलेली असते. ही ओढ मला मनापासून आवडते, कारण रुग्णाचे पुष्कळसे प्रश्न केवळ औषधाने सुटत नाहीत, हे ज्याला लवकर उमगले तो चांगला डॉक्टर होण्याची शक्यता अधिक असते. परंतु या वाटेवर मुले वर्षानुवर्षे त्याच त्या ठिकाणी ठेचकाळताना पाहून आता वाईट वाटते. अडचण बुद्धीची नसते, अडचण असते ती घाईची.

एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहण्याचा हट्ट

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि तेव्हापासून ‘आता एमबीबीएस करता करता एलएलबी होते’ असा समज वसतिगृहांमधून पसरला. ती तत्त्वे पूर्ण वाचण्याचे कष्ट फार थोडे घेतात. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, आणि ज्या अभ्यासक्रमावर एखाद्या वैधानिक परिषदेचे नियंत्रण आहे तिथे त्या परिषदेचे नियमही लागू राहतात, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पीएचडी तर त्या तत्त्वांच्या कक्षेतच येत नाही.

आता परिषदांचे नियम पाहा. एमबीबीएसला सिद्धांताच्या तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना व वॉर्डमधील पोस्टिंगला ८० टक्के हजेरी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदेशिक्षणाचे २००८ चे नियम प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी मागतात आणि कायद्याचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घेता येतात. त्याच नियमांत कायद्याच्या पदवीसोबत दुसऱ्या नियमित पदवी अभ्यासक्रमाला नाव घालण्यास मनाई आहे. भाषेचे किंवा संगणकाचे अल्पमुदतीचे अर्धवेळ प्रमाणपत्र अथवा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम यांना त्यातून सूट आहे, पण एमबीबीएस त्यात बसत नाही, आणि इंटर्नशिप हा एमबीबीएसचाच भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ग्रामीण पोस्टिंगला आलेला एक इंटर्न मला चांगला आठवतो. वाचन दांडगे, रुग्णांशी बोलणे अतिशय आदबीचे. त्याने एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातच दुसऱ्या शहरातील एका विधी महाविद्यालयात तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला होता, कारण तिथल्या कोणीतरी त्याला ‘हजेरीचे आम्ही पाहतो’ असे आश्वासन दिले होते. विधी परीक्षेच्या दिवसांत तो प्राथमिक आरोग्य केंद्रावरून गैरहजर राहिला आणि त्याच्या जागी मित्राने सही केली. इंटर्नशिपच्या संपूर्ण काळात पूर्वपरवानगीने जेमतेम १५ दिवसांची रजा मिळते. नोंदवही तपासताना गैरहजेरी उघड झाली तेव्हा त्याची इंटर्नशिप तेवढ्या दिवसांनी लांबली. वरवर पाहता ही किरकोळ शिक्षा होती, परंतु पदव्युत्तर प्रवेशासाठी इंटर्नशिप ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण व्हावी लागते आणि ती तारीख त्याच्या हातून निसटली. चांगले गुण असूनही त्याचे एक वर्ष गेले.

त्याचे दुखणे तिथेही संपले नाही. बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून एकाच वेळी अन्य पदवी केली आहे का, हे जाहीर करणे विधी विद्यार्थ्यांना बंधनकारक केले. हा मुलगा तेव्हा एलएलबीच्या शेवटच्या टप्प्यावर होता. त्याने खरे तेच लिहून दिले, याबद्दल मला त्याचे कौतुक वाटते, पण महाविद्यालयाने त्याचे गुणपत्रक अडवले आणि ‘आम्ही पाहतो’ म्हणणारी व्यक्ती फोन उचलेनाशी झाली. मला मात्र सर्वांत अधिक टोचते ते वेगळेच. ज्या दिवशी त्याच्या नावापुढे मित्राने सही केली, त्या दिवशी त्या केंद्रावर लसीकरणाचे सत्र होते आणि वैद्यकीय अधिकारी एकट्याच होत्या. हजेरीपत्रकावरील खोटी सही म्हणजे कुठल्यातरी मातेने लेकराला कडेवर घेऊन अधिक वेळ ताटकळणे, हे विद्यार्थ्यांना कधी दिसतच नाही.

याला जोडून आणखी एक गैरसमज आहे. एलएलबी झाल्यावर सकाळी ओपीडी आणि दुपारी न्यायालय असे करता येईल, असे अनेकांना वाटते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाने व्यवसाय करणाऱ्या एका शल्यविशारदाला सनद नाकारली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, चुलानी प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात, तो नकार योग्य ठरवला. वकिली आणि वैद्यकी हे दोन्ही व्यवसाय माणसाचे पूर्ण लक्ष मागतात, असा त्या निकालाचा आशय आहे. ज्या डॉक्टरला वैद्यकी सोडायची नाही, केवळ संमतीपत्र, निष्काळजीपणाचे दावे, ग्राहक न्यायालये समजून घ्यायची आहेत, त्याने बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा व नीतिशास्त्र या विषयातील दूरशिक्षण पदविका अभ्यासक्रम पाहावा, असे मी सुचवतो. पूर्ण एलएलबीच हवी असेल तर पदव्युत्तर शिक्षण आटोपून, नोकरीच्या वेळा जुळवून, खरोखर वर्गात बसून करावी.

आधीच दोन्हीकडे नाव असेल तर काय? एक प्रवेश लेखी अर्ज देऊन रद्द करावा, त्या अर्जाची पोच घ्यावी आणि भरलेले शुल्क गेले असे समजावे. शुल्क वाचवण्यासाठी खोटे प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला मी कोणतीही मदत करत नाही.

परदेशातील मित्राचे वेळापत्रक उचलणे

‘अमेरिकेत तर एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) आणि पीएचडी एकत्र होते’ हे वाक्य मला वारंवार ऐकावे लागते. तिथे १९६४ पासून राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने असे कार्यक्रम चालतात, हे खरे आहे. पण त्यांत विद्यार्थी साधारणपणे पहिली दोन वर्षे वैद्यक शिकतो, मग वैद्यक थांबवून काही वर्षे प्रयोगशाळेत काढतो आणि त्यानंतर पुन्हा वॉर्डमध्ये येतो. ब्रिटनमध्येही मधले एक वर्ष बाजूला काढून दुसऱ्या विषयाची पदवी घेतली जाते. दोन्हीकडे वैद्यकीय अभ्यासक्रमाला विद्यापीठ स्वतः विराम देते, एकाच आठवड्यात दोन्ही ओढायला लावत नाही. आपल्या एमबीबीएसमध्ये असा विराम नाही आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मर्यादाही आहे. संशोधनाची चव घ्यायची असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. दोन महिन्यांत होणारा छोटा अभ्यास नीट करावा, मग पीएचडीची भाषा बोलावी.

प्रश्न हाती नसताना पदवी घेणे

ही माझ्या विषयातली चूक असल्यामुळे तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत मनासारखा क्रमांक आला नाही की ‘तोवर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करतो’ म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. सार्वजनिक आरोग्य ही वेळ काढण्याची धर्मशाळा नाही.

असाच एक विद्यार्थी इंटर्नशिप संपताच एमपीएचला गेला आणि गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयावर त्याने प्रबंध घेतला. नमुना निवड निर्दोष होती, संख्याशास्त्रही बिनचूक होते. प्रश्नावलीत मात्र ‘आपण लोहाच्या गोळ्या नियमित घेता का?’ असा सरळ प्रश्न होता आणि जवळपास सगळ्याजणींनी ‘हो’ म्हटले होते. गोळ्या नियमित घेऊनही रक्तक्षय कमी होत नाही, असा निष्कर्ष घेऊन तो मला मसुदा दाखवायला आला. प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीत ज्याने काही महिने काढले आहेत त्याला ठाऊक असते की मळमळते किंवा शौचाला काळी होते म्हणून अनेकजणी गोळ्या डब्यात ठेवून देतात आणि डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून ‘घेते’ म्हणतात. गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखवायला सांगणे, शौचाचा रंग विचारणे, सासूबाई समोर नसताना बोलणे, या गोष्टी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाहीत. त्याला गावांत पुन्हा जावे लागले आणि प्रबंध एका सत्राने लांबला. दुसऱ्या फेरीत मिळालेली माहिती मात्र खरी होती.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी ग्रामीण रुग्णालयात काम केले, मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही नागपूरला एमडी केल्यावर आधी खेड्यात काम केले, नंतर १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच पूर्ण केले आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि गावातल्या प्रशिक्षित स्त्रीकडूनही बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी होऊ शकतात, हे जगासमोर आले. या चौघांच्या कामातला क्रम पाहावा : आधी रुग्ण, मग त्या रुग्णांनी उभा केलेला प्रश्न आणि त्यानंतर तो सोडवण्याची विद्या.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट करायला सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात काम करताना खिशात छोटी वही ठेवावी आणि ‘हे असे का होते?’ असे ज्या ज्या वेळी मनात येईल ते लिहून ठेवावे. वर्षाअखेरीस वही वाचताना एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत परत परत आलेला दिसतो. त्याचे उत्तर साथरोगशास्त्रात असेल तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्र किंवा मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, लोकसंख्येत असेल तर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. वही कोरी राहिली असेल तर आणखी एक वर्ष काम करावे, त्यात कसलाही कमीपणा नाही. शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातून शिकलेल्यांना बॉण्डचे एक वर्ष सेवेत काढायचे असतेच. ते वर्ष टाळण्याची वाट शोधण्यापेक्षा या वहीसाठी वापरणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते.

गणित न करता यंत्राकडे धावणे

कृत्रिम बुद्धिमत्तेचे आकर्षण समजण्याजोगे आहे. पण आपल्याकडे वैद्यकाला येणाऱ्या पुष्कळ मुलांनी अकरावीतच जीवशास्त्राचा गट घेऊन गणित सोडलेले असते. त्यांना क्ष-किरण चित्र ओळखणारे संगणकीय प्रारूप (मॉडेल) तयार करायचे असते, परंतु मॅट्रिक्सचा गुणाकार, अवकलन आणि संभाव्यता यांच्याशी बसून झुंजायचे नसते. तयार कोड चालवून अचूकता ९० टक्के आली की ते आनंदतात. शंभरातील नव्वद रुग्णांना क्षयरोग नसेल तर प्रत्येकाला ‘नाही’ म्हणणारे प्रारूपही ९० टक्के अचूक ठरते आणि एकही रुग्ण शोधत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. वास्तविक संवेदनशीलता (आजारी असलेल्यांपैकी किती जण चाचणीत सापडले) आणि विशिष्टता (निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना चाचणीने निरोगी ठरवले) या संकल्पना आम्ही त्यांना पीएसएममध्येच शिकवलेल्या असतात.

आयआयटी खरगपूर येथे एमबीबीएस पदवीधरांसाठी वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अशा ठिकाणी जाण्याआधी किमान सहा महिने रोज पहाटे तासभर बारावीचे गणित स्वतः कागदावर सोडवावे, अशी माझी अट असते. व्हिडिओ पाहून मान डोलावणे म्हणजे गणित करणे नव्हे. ज्यांना हे सहा महिनेही जड वाटतात त्यांनी अभियंत्याबरोबर भागीदारीत काम करावे. त्या कामात डॉक्टरची स्वतःची जागा मोठी असते.

आता काही लहान चुका, ज्या एकेका वाक्यात सांगून भागतील. रेसिडेन्सीच्या काळात दुसरी नियमित पदवी घेऊ नये, कारण पदव्युत्तर विद्यार्थी पूर्णवेळ निवासी डॉक्टर असतो आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची ग्रहणशक्ती दुसऱ्या दिवशी उरत नाही. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम निवडताना त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी, त्याच अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे, दलालाच्या माहितीपत्रकात नव्हे. एमपीएच झाल्याने वैद्यकीय महाविद्यालयात एमडी झालेल्या अध्यापकाची जागा मिळेल, असे गृहीत धरू नये. रुग्णालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम नर्सिंग, भांडार आणि बिलिंग या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष बसल्याशिवाय करू नये. आठवड्याच्या शेवटी मिळालेली ऑनलाइन प्रमाणपत्रे नावापुढे लावू नयेत, कारण २००२ चे व्यावसायिक आचरणाचे नियम नावापुढे काय लिहावे हे ठरवून देतात आणि पाटी वाचणारा रुग्ण त्या अक्षरांवर विश्वास ठेवून आत येतो.

शेवटची चूक दुसऱ्या क्षेत्रात रमलेल्यांची आहे. ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी विसरतात. तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचे असते आणि त्यासाठी सीएमईचे (डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांचे) ३० गुण लागतात. पाचव्या वर्षी धावपळ करून आणि सभागृहाच्या दारातच सही करून हे गुण गोळा करणारे मी पाहिले आहेत, तो मार्ग मला मुळीच मान्य नाही. दरवर्षी सहा गुणांचे कार्यक्रम आपल्या विषयाचे पाहून निवडावेत आणि पूर्ण वेळ बसून ऐकावेत. त्याखेरीज शिकायला गेलेल्या गावात एखादे धर्मादाय किंवा सरकारी रुग्णालय शोधून, तिथल्या प्रमुखांची आणि आपल्या संस्थेची लेखी परवानगी घेऊन, आठवड्यातून अर्धा दिवस ओपीडीत बसण्याची व्यवस्था पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या परिषदेकडे नोंदणीबाबत काय करावे लागते, याची चौकशी प्रवेश निश्चित होताच करावी, कारण ती कागदपत्रे सत्र सुरू झाल्यावर कोणाच्याही हातून वेळेत पूर्ण होत नाहीत.