गोठ्यावरचा वायरलेस कॅमेरा घेण्यापूर्वी
गोठ्यावर किंवा कापूस साठवलेल्या खोलीवर वायरलेस कॅमेरा बसवायचा असेल, तर भिंतीला भोक पाडण्याआधी तो त्या जागी धरून सिग्नल टिकतो का ते पाहावे. विदर्भातील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, आणि त्याहून अधिक टिनाचे पत्रे, वायफाय अडवतात. बहुतेक स्वस्त कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात, आणि अंतरासाठी तेच बरे. वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे. खरी अडचण पुढे येते: कंपनीने सर्व्हर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र अ‍ॅपपर्यंत पोहोचवणारा तिचा संगणक, बंद केला, तर केवळ तिच्याच अ‍ॅपवर चालणारा कॅमेरा शोभेची वस्तू होऊन बसतो. त्यामुळे त्यात मेमरी कार्डाची सोय व ‘ऑनव्हिफ’ किंवा ‘आरटीएसपी’ (दुसऱ्या अ‍ॅपवर किंवा रेकॉर्डरवरही चित्र दिसू देणाऱ्या पद्धती) आहे का, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे पैसे मोजण्याआधी दुकानातच विचारावे.