बोर्ड नुसता चकचकीत नको, खरंच साफ हवा
मेडिकल उपकरणातल्या किंवा विमानातल्या सर्किट बोर्डवर सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेलं रसायन) राहिला ना, की तो दमट हवेत ओलावा धरतो, वर व्होल्टेज असतंच, मग दोन पॅडच्या (सोल्डर करायच्या धातूच्या ठिपक्यांच्या) मध्ये धातूचे केसासारखे तंतू वाढून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून 99 टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ईएसडी ब्रशने (स्थिर वीज न साठवणाऱ्या) घासा (सोल्डरिंग आयर्न, ठिणगी लांब, आयपीए पेटतं), पण तसंच वाळू देऊ नका हं, विरघळलेला फ्लक्स नुसता पसरतो आणि पांढरे डाग उरतात, लगेच ताज्या आयपीएने धुवून धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपा. क्यूएफएन म्हणजे बाहेर पाय नसलेल्या, बोर्डला चिकटून बसणाऱ्या चिपखाली ब्रश पोचतच नाही, तिथे क्लीनरचा स्प्रे लागतो. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी सफाई? बोर्डवर क्रिस्टल (ठरावीक ठोके देणारा भाग) किंवा मेम्स सेन्सर (आत अतिसूक्ष्म हलते भाग असलेले) असतील तर टाळाच. बोर्ड पूर्ण सुकल्यावरच वरचं संरक्षक कोटिंग.