आयरिस लावताय? आधी कंद गाडणं थांबवा

मे महिन्यात न्यू जर्सीतल्या कोणाच्या तरी दारात बिअर्डेड आयरिस (पाकळीवर दाढीसारखी लव असलेला आयरिस) फुललेला बघायचा, ऑगस्टमध्ये त्याच्याकडून कंद मागून आणायचे आणि पुढच्या मेमध्ये मला फोन: "नुसती पानंच येतात हो!"

माझा प्रश्न ठरलेला असतो. कंद वरून दिसतोय का? "छे, चांगला चार बोटं खोल लावलाय." आपल्या हाताला हळद-आलं लावायची सवय. पण या कंदाची पाठ उन्हात तापायला हवी, माती फक्त मुळांवर.

ओळखीतल्या एका वहिनींनी कंद असे गाडलेच, वर तीन इंच मल्च (झाडाच्या सालींचा थर), शिवाय रोज स्प्रिंकलर. जूनमध्ये पानं पिवळी पडल्यावर त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून स्प्रिंकलर दोन वेळा. मी एक झुपका धरून हलकेच ओढला, तर तो अलगद हातात आला. खाली पांढरट लगदा, आणि वास असा की वहिनी नाकाला पदर लावून मागे सरकल्या. कंदकुज. सगळे कंद उपटले, जुन्या चमच्याने टणक गर लागेपर्यंत खरवडले, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून बुडवले आणि उन्हात वाळवले. मग मातीचा छोटा उंचवटा करून कंद त्यावर बसवला, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडली. वाचलेल्यांना वर्षभर फूल नव्हतं. तेवढ्यात वहिनींनी "खत घालू का?" असं किती वेळा विचारलं! लॉनचं नायट्रोजनवालं खत घातलं की पानं माजतात आणि कूज परत येते. थांबायला काय होतं?

फुलं संपली की पानं कापू नका, कंद त्यांच्यावरच पोसतो. निम्मी कापायची ती फक्त जागा बदलताना.

सहा तास ऊन नसेल तर नादच सोडा.

एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, फुलतात ती त्याची पिल्लं. म्हणून तीन-चार वर्षांनी जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी मोडा. म्हातारा कंद मी सरळ फेकतो.

कडक थंडी पडली की सुकलेली पानं उचलून कचऱ्यात टाका. कंद पोखरणाऱ्या अळीची अंडी त्यांच्यावरच हिवाळा काढतात.

आणि फोटो बघून ऑनलाइन कंद मागवणाऱ्या पुणे-मुंबईकरांनो, याला फुलायला कडक हिवाळा लागतो, तो तुमच्या गच्चीवर मिळणार नाही. याचा उष्ण हवेतला नातलग, वॉकिंग आयरिस लावा, कुंडीतही येतो.