त्रिनिदादला निघालात? मग हॉटेलच्या नाश्त्यावर पोट भरू नका

माझा धंदा आचाऱ्याचा. आर्वी तालुक्यात लग्न-तेरवीच्या पंगतींचं रांधतो. जावई त्रिनिदादच्या पॉइंट लिसासला अमोनियाच्या कारखान्यात लागला, म्हणून कॅरिबियनमधल्या त्या बेटावर माझंही जाणं झालं. आता आमच्याकडची आणखी काही घरं पोराबाळांकडे तिकडे निघाली आहेत आणि सगळ्यांचा सवाल एकच: "भाऊ, तिथं खायचं काय? चिवडा किती भरू?"

चिवडा विमानापुरता न्या. तिथं खाण्याची ददात नाही, फक्त घड्याळ पाहून खावं लागतं. कोणती वस्तू कोणत्या वेळेला आणि कुठे, हे कळलं की निम्मं काम झालं.

सकाळी सहा-सातला बाहेर पडा. रस्त्याच्या कडेला पेटी मांडलेली गाडी आणि भोवती कामाला निघालेली माणसं दिसली की तिथंच थांबा. हे डबल्स. १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाउन गावात हा प्रकार सुरू झाला आणि आज अख्ख्या देशाचा तो नाश्ता आहे. मैद्यात हळद आणि यीस्ट घालून भिजवलेल्या पिठाच्या दोन मऊ पुऱ्या, त्यावर काबुली चण्याची सरबरीत उसळ. मी खाणं सोडून विकणाऱ्याचा हात पाहत राहिलो. कागदावर एकीवर एक अर्धी सरकवलेल्या पुऱ्या, पळीभर चणे, चमच्याच्या टोकाने चिंचेची चटणी, काकडीचा कीस, शाडो बेनीची चटणी, आणि कागदाची टोकं पिळून पुडी पुढच्याच्या हातात. शाडो बेनी म्हणजे लांबट करवती पानांचा पाला, आपल्या सांबारापेक्षा, म्हणजे कोथिंबिरीपेक्षा, वासाला उग्र. पुडी उभ्याउभ्याच उघडायची, वरची पुरी तोडून तिनेच चणे उचलायचे. चमचा मागू नका, लोक पाहतात.

विकणारा एकच शब्द विचारेल: "पेपर?" म्हणजे मिरचीची चटणी किती. इथं आपली माणसं फुशारकी मारतात, आम्ही भिवापुरी मिरची खाणारे, सावजी रस्सा पिणारे. बाप्पा, जरा दमानं. त्याच बेटावरची मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची २०१२ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठाने तेव्हाची जगातली सर्वांत तिखट ठरवली होती. काही मिरच्यांचं माप २० लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर गेलं होतं. गाडीवरच्या चटणीत तीच असते असं नाही, पण जी असते तीही तुमच्या बापाला ऐकत नाही. "स्लाइट" म्हणा. म्हणजे नावापुरती. दुसऱ्या पुडीला वाढवा.

डबल्सचा कंटाळा आला तर साडा रोटीचं दुकान शोधा. हीसुद्धा सकाळचीच, दहानंतर गेलात तर भांडी घासताना दिसतील. जाड, तेल न लावलेली रोटी आणि सोबत वांग्याचा किंवा भेदऱ्याचा (टोमॅटोचा) चोखा. वांग्यात लसणाच्या पाकळ्या खोचून विस्तवावर भाजतात, कुस्करून वरून कडकडीत तेल ओततात. तिथले बहुतेक हिंदू भोजपुरी मुलखातले. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक जहाजातून पहिले मजूर उसाच्या मळ्यांवर उतरले, आणि रांधण्याची पद्धत त्यांनी सोबत आणली. म्हणून शेंगदाण्याचा कूट आणि काळा मसाला तिथं शोधत बसू नका. सकाळच्या या दुकानात खारवलेला मासाही असतो. माळकरी असाल तर पळी वेगळी आहे का, ते आधी विचारा.

दुपार रोटीच्या दुकानाची. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये असाल तर सेंट जेम्सच्या वेस्टर्न मेन रोडकडे वळा. वाटेत क्वीन्स पार्क ओव्हल लागतं. १९७१ साली आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते याच मैदानावर, त्यामुळे म्हातारे तिथं पाच मिनिटं हमखास थांबतात. दुकानात दोन प्रकार मुख्य. दालपुरी म्हणजे पुरणपोळीतला गूळ काढून त्या जागी जिरं घातल्यासारखी: आत वाटाण्याची पिवळी डाळ, पण परातीएवढी मोठी आणि रुमालासारखी मऊ. तिच्यात रस्साभाजी गुंडाळून देतात. दुसरा पराठा, तव्यावरच लाकडी पट्ट्यांनी झोडपून त्याच्या चिंध्या करतात. माझं मत विचाराल तर पराठा घ्या आणि भाजी बाजूला मागा. दालपुरीत सगळं एकत्र गुंडाळलं की डाळीची चव मरते. भाज्यांत चणा-आलू, भोपळा, चवळीच्या शेंगा, पालक. मांसाहारी लोकांना बकरा, कोंबडी आणि बदक. बदकाचा रस्सा सोडू नका. काही ठिकाणी गोमांसही असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी मागण्याआधी विचारावं. कॅललू नावाची हिरवी भाजी दिसायला शाकाहारी, पण तिच्यात पुष्कळदा खेकडा किंवा डुकराची खारवलेली शेपटी असते.

संध्याकाळी दक्षिणेकडे डेबे गावात जा. रस्त्याला लागून तळणीचे ठेले आहेत: फुलोरी, बैगनी, कचोरी आणि बटाटा भरून तळलेला आलू पाय. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेली सहीना मला सगळ्यांत आवडली. कढईतलं तेल पाहून ठेला निवडा. तळण टाकल्यावर काळा फेस आला तर पुढे चला. ही धंद्यातली गोष्ट आहे, कोणत्याही देशात लागू. राजधानीत असाल तर क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या कडेला शहाळी आणि मक्याचं सूप मिळतं. अंधार पडल्यावर मात्र एकटे भटकू नका, तिथल्या ओळखीच्या माणसासोबतच जा.

समुद्राकाठी माराकासला तळलेल्या पावात मासा घालून देतात. मासे खाणाऱ्यांनी अर्धा दिवस काढावा, बाकीच्यांनी पोहून यावं.

जमलं तर दिवाळीत जा. चगुआनास गावाजवळ दिवाळी नगर नावाचा मेळा भरतो, तिथं सगळं शाकाहारी. कोणाच्या घरी बोलावणं आलं तर बाकीचे बेत मोडा. सोहारीच्या लांबरुंद पानावर पराठा, भोपळा, चणा-आलू आणि कच्च्या आंब्याची गोडतिखट भाजी वाढतात, हाताने खायचं. आग्रह आपल्यासारखाच, त्यामुळे पहिल्या वाढीला थोडंच घ्या.

पैसे सुट्टे ठेवा. एका अमेरिकी डॉलरला तिथले सुमारे पावणेसात डॉलर येतात, गाड्यांवर रोखच चालते. मोठ्या हॉटेलात बिलावर साडेबारा टक्के व्हॅट आणि बहुतेकदा दहा टक्के सेवाशुल्क लागतं, तेव्हा मेन्यूतला आकडा पाहून खिशाचा हिशेब करू नका.