मोहरी, तिळवण, पिवळा धोत्रा: सोलापूरच्या रानात फरक कसा ओळखावा

रानात पिवळं फूल दिसलं की ‘रानमोहरी’ म्हणून पुढे निघायची आपल्याकडे सवय आहे. त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या झाडांची गल्लत होते: खरी मोहरी, तिच्या चुलत घराण्यातली पिवळी तिळवण, आणि मोहरीशी काहीही नातं नसलेला पिवळा धोत्रा. धोत्र्याचं बी विषारी आहे, म्हणून ही ओळख फक्त हौशी लोकांपुरती राहू नये, शेतात आणि स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला यावी असं मला मनापासून वाटतं.

आधी महिना बघा. तिळवण पावसाळी. मृगाचे पाऊस झाले की तुरी-उडदाच्या रानात, रस्त्याकडेला, शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर ती उगवते आणि पाऊस सरेपर्यंत फुलत राहते. मोहरी रब्बीची. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात शाळू उभा असतो, त्या थंडीच्या दिवसांत तिचं फूल बघायला मिळतं. पिवळा धोत्राही हिवाळ्यात फुलू लागतो आणि उन्हाळ्यातही टिकतो. म्हणजे श्रावणातलं पिवळं फूल बहुधा तिळवणीचं. पौषात मात्र मोहरी की धोत्रा, हे नीट बघूनच ठरवावं लागतं.

मग एक फूल तोडून तळहातावर घ्या. (नान्नजच्या माळढोक अभयारण्यात असाल तर तोडू नका, फोटो काढा.) साधं दहापट भिंग पुरतं, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करून बघा. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या, समोरासमोर, फुलीच्या आकारात. पाकळ्या बाजूला केल्या की आत सहा पुंकेसर दिसतात: चार उंच, दोन आखूड. ही चार-दोनची मांडणी मोहरीच्या कुळाची खूण आहे. मोहरी, मुळा, कोबी, लाडवात घालतो तो हळीव, सगळे याच कुळातले. हळिवाचं फूल मात्र पांढरं आणि अगदी बारीक असतं.

पिवळ्या तिळवणीलाही पाकळ्या चारच, पण फुली होत नाही. चारही पाकळ्या एकाच बाजूला वर झुकलेल्या असतात आणि पुंकेसर दहाच्या पुढे भरतात. पांढरी तिळवण आणखी वेगळी. तिला पुंकेसर सहाच, पण पाकळ्यांच्या पुढे बाहेर आलेल्या एका लांब दांडीवर ते चढलेले असतात. एकदा पाहिलं की ही दांडी विसरत नाही.

आता पान. मोहरीचं पान एकसंध. खालची पानं कडेला कातरलेली आणि टोकाशी मोठा गोल भाग असलेली. तिळवणीचं पान तीन ते पाच पर्णिकांचं, सगळ्या एकाच ठिकाणाहून पंजासारख्या फुटलेल्या. पिवळ्या तिळवणीचं खोड हाताला चिकटतं आणि वासही उग्र येतो.

पान चुरगळून हुंगा, पण चाखू नका. मोहरीच्या कुळातल्या पेशींत गंधक असलेली काही द्रव्यं आणि त्यांना फोडणारं विकर (एन्झाइम) वेगवेगळं साठवलेलं असतं. पान चुरलं की दोन्ही एकत्र येतात आणि तो नाकात जाणारा झणका तयार होतो. ही करामत मोहरीच्या जवळच्या आणि लांबच्या नातलगांतही आहे: तिळवण, शेवगा, पपई, आणि आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात ती वाघाटीसुद्धा. त्यामुळे वासावरून गोत कळतं, झाड कोणतं ते कळत नाही.

माझा खरा भरवसा शेंगेवर आहे, कारण फूल दोन दिवसांत गळतं आणि शेंग राहते. मोहरीची पिकलेली शेंग हलकेच दाबा. दोन्ही टरफलं देठाकडून सुटत वर उचलतात, आणि मधे एका बारीक चौकटीत ताणलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पडदा उरतो. बिया त्याच्या कडांना लागलेल्या असतात. तिळवणीच्या शेंगेत हा पडदा नसतो. पिवळ्या तिळवणीची शेंग उभी, लवदार, चिकट असते आणि टोकाकडून उकलत खाली येते. पांढरीची शेंग लांब दांडीवर धरते. बीही दोघींचं खडबडीत, वळलेलं. मोहरीसारखं गोल गुळगुळीत नाही.

मोहरीच्या आतले प्रकारही शेंगेवरूनच सुटतात. काळ्या मोहरीच्या शेंगा आखूड आणि खोडाला चिकटून उभ्या. आपल्या फोडणीतल्या नेहमीच्या राईच्या शेंगा लांब, खोडापासून सुटलेल्या. सरसोच्या (उत्तरेकडे तेलासाठी घेतात त्या मोहरीच्या) गटात वरच्या पानांचा तळ खोडाला कवटाळतो, राईत तसं होत नाही. राई ही सरसो आणि काळी मोहरी यांच्या संकरातून झालेली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू यू यांनी 1935 मध्ये गुणसूत्रं मोजून ते मांडलं (सरसोच्या 10 जोड्या आणि काळ्या मोहरीच्या 8 मिळून राईच्या 18). म्हणून राईत दोघींचे गुण दिसले तर गोंधळू नका. मुळा फुलावर सोडलेला असेल तर फूल पांढरं-जांभळट आणि शेंगा फुगीर, मऊ. त्याच आपल्या भाजीच्या डिंगऱ्या. त्या वाळल्या तरी आपोआप उकलत नाहीत.

उरला पिवळा धोत्रा. पानं काटेरी, निळसर हिरवी, शिरांवर पांढरे पट्टे. फूल मोठं, पाकळ्या बहुतेक सहा, पुंकेसर भरपूर. खोड मोडलं की पिवळा चीक येतो. मोहरीला किंवा तिळवणीला असा चीक कधीच येत नाही. फळ म्हणजे काट्यांचं बोंड.

धोका बियांत आहे, कारण त्या मोहरीच्या आकाराच्या आणि काळपट असतात. मोहरीत मिसळून तेल निघालं तर त्यातल्या सँग्विनारिन या विषारी द्रव्यामुळे पायांना सूज येते, हृदयावर ताण येतो. 1998 साली दिल्लीत अशाच भेसळीच्या तेलाने माणसं दगावली. सुटी मोहरी आणली की चिमूटभर पांढऱ्या ताटलीत पसरा. धोत्र्याचं बी खरखरीत, जाळीदार असतं. संशय आलेला दाणा चमच्याने चेपा: मोहरी आतून पिवळी, धोत्रा पांढरा. पांढरा निघाला तर तो माल वापरू नका. शेतात मोहरी असेल तर जाड हातमोजे घालून धोत्रा बोंड धरायच्या आधीच उपटा, म्हणजे काढणीत त्याचं बी मोहरीत जाणार नाही.