व्हिसा कोणता काढायचा? आधी संस्थेचं पत्र नीट वाचा

"मावशी, जर्मनीचा स्टुडंट व्हिसा काढायचाय. बाबा एफडी मोडतायत." डोंबिवलीहून भाचीचा फोन आला. पीएचडीला निघाली होती. म्हटलं, एफडी राहू दे, आधी तिकडून आलेलं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. पाहिलं तर ते नुसतं प्रवेशपत्र नव्हतंच. तीन वर्षांचा नोकरीचा करार होता, दरमहा पगारासकट. म्हणजे ती विद्यार्थिनी म्हणून नाही, संशोधक म्हणून जाणार होती. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पगार पुरेसा असेल तर संशोधकाला करारच पुरतो. भावोजींची एफडी वाचली.

म्हणून पहिलं काम हे: एका कागदावर तीन उत्तरं लिहा. तिथे माझी नोंदणी विद्यार्थी म्हणून आहे का? पैसे कोण देणार: मी, ते विद्यापीठ, की एखादं सरकार? आणि किती महिने राहायचंय? देश कुठलाही असो, व्हिसाचा प्रकार बहुतेक वेळा या तीन उत्तरांतच असतो. एजंटकडे जायचंच असेल तर हा कागद घेऊन जा. आमच्या शेजारच्या मुलाला एकाने "आधी टुरिस्टवर जा, तिथे बदलून घेऊ" असा सल्ला दिला होता. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, छोट्या मुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपुरता. त्यावर जर्मनीत गेलात आणि पुढे राहायचं ठरलं, तर साधारणपणे परत येऊन नॅशनल व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, नव्याने अर्ज करावा लागतो.

अमेरिकेचं प्रकरण जरा बारकाईने बघा, कारण खरा घोळ तिथेच होतो. पदवीसाठी जाणाऱ्याला विद्यापीठ आय-ट्वेंटी हा फॉर्म पाठवतं, त्यावर एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा मिळतो. पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक), पाहुणे संशोधक आणि काही शिष्यवृत्तीधारक यांना डीएस-२०१९ हा फॉर्म येतो, त्यावर जे-वन हा एक्स्चेंज व्हिसा. सेव्हिस फी (त्यांच्या सरकारी नोंदणीची फी) एफ-वनला ३५० डॉलर, जे-वनला बहुतेकांना २२०. स्वस्त म्हणून जे-वन बरा, असं मात्र समजू नका. एफ-वनवाल्याला शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे शिकलेल्या विषयातच काम करायच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणिताची पदवी असेल तर आणखी २४ महिने. जे-वनला काही जणांवर दोन वर्षांची अट लागते: कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय, किंवा सूट मिळाल्याशिवाय, एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कौशल्यांच्या यादीतून (कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे, ती यादी) भारताचं नाव निघालं, त्यामुळे त्या कारणाने लागणारी अट गेली. पण आपल्या किंवा त्यांच्या सरकारचा पैसा असेल, किंवा डॉक्टर तिथे रुग्णालयात प्रशिक्षण घेणार असेल, तर अट अजून आहे. डीएस-२०१९ वर खाली डावीकडे एक छोटा चौकोन असतो, ही अट तुम्हाला लागते का, याचं प्राथमिक मत व्हिसा अधिकारी त्यात नोंदवतो. व्हिसा होऊन तो कागद हाती आल्याआल्या वाचा, विमानात नाही.

लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला विचारल्याशिवाय ठरवू नका. एफ-वनवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-टूवर नोकरी करता येत नाही. जे-वनवाल्याच्या जोडीदाराच्या जे-टूवर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. एखाद्याचं करिअर दोन-चार वर्षं घरात बसतं ते या एका अक्षरापायी, आणि घरी याची चर्चा होते ती तिकीट काढून झाल्यावर.

ब्रिटनला पदवीसाठी स्टुडंट व्हिसा, त्यासाठी विद्यापीठाकडून कॅस क्रमांक (प्रवेश पक्का असल्याची नोंद) घ्यावा लागतो. भारतात नोकरीवर असलेल्या अनुभवी प्राध्यापकाला रजा घेऊन स्वतःचं संशोधन करायचं असेल, तर १२ महिन्यांपर्यंतचा व्हिजिटर व्हिसाही चालतो. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर टीबीची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करा. नेहमीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या बहुतेकांना एपीएस प्रमाणपत्र (आपल्याकडची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, नोव्हेंबर २०२२ पासून. त्याला वेळ लागतो, प्रवेशाच्या अर्जाबरोबरच त्याच्या मागे लागा.

प्रकार ठरला की पासपोर्ट काढून मार्कशीटशेजारी ठेवा. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे आडनाव आधी, हा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ. विद्यापीठाला नाव पासपोर्टवर आहे तसंच कळवा, नाहीतर आय-ट्वेंटी दुरुस्त करून घेण्यात आठवडे जातात. फीचे आकडे अर्जाच्या दिवशी त्या वकिलातीच्या संकेतस्थळावरच बघा.

आणि मुंबईत बीकेसीत अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जाताना फोन आत नेऊ देत नाहीत. कुर्ल्याहून रिक्षा पकडायच्या आधीच तो बरोबर आलेल्याच्या हाती द्या, आणि भेटायची जागा तोंडी ठरवून ठेवा.