आधी कानावर घाला : एंटरप्राइझ आर्किटेक्टने या चुका टाळाव्यात

ऐरोलीच्या एका ऑफिसात एंटरप्राइझ आर्किटेक्ट (कंपनीच्या सगळ्या सिस्टीम एकमेकींशी कशा जुळतील हे आखणारा) म्हणून तीन महिने खपून मी एक आराखडा तयार केला होता. सिस्टीममध्ये रात्री फायलींनी होणारी देवाणघेवाण बंद करायची आणि सगळं एपीआयवर, म्हणजे एका सिस्टीमने दुसरीशी थेट बोलण्यावर, आणायचं. असे आराखडे मंजूर करणाऱ्या आर्किटेक्चर रिव्ह्यू बोर्डात तो मांडला, कुणीच हरकत घेतली नाही, मंजुरीची नोंद झाली. पुढचे पाच महिने काम तसूभर हललं नाही. सिस्टीम रोज चालवणाऱ्या ऑपरेशन्स टीमकडून दर आठवड्याला नवं कारण यायचं: ऑडिट आहे, महिनाअखेर आहे, टेस्टिंगला माणूस नाही.

शेवटी एका संध्याकाळी गेटाबाहेरच्या टपरीवर त्या टीमचे वरिष्ठ भेटले. चहा घेताना म्हणाले, "अहो, रात्री दोन वाजता ज्या नोंदी रिजेक्ट होतात, त्या माझी दोन पोरं हाताने दुरुस्त करून पुन्हा चढवतात. तुमच्या चित्रात त्याला जागाच नाही. सकाळी फोन मलाच येणार ना?"

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"तुम्ही सगळं ठरवूनच आला होतात. काय बोलणार?"

माझी सर्वांत मोठी चूक हीच होती आणि आजही तरुण आर्किटेक्टांना मी ती करताना बघतो. आराखडा पूर्ण होतो आणि माणसं त्यानंतर भेटतात. लग्नाची तारीख पक्की करण्याआधी मोठ्या काकांच्या कानावर घालायला आपण विसरत नाही. ते मोडता घालतील अशी भीती नसते, पण आपल्याला आधी कळलं नाही ही सल पार मांडवापर्यंत टिकते. ऑफिसातही तेच. लोकांचा राग आराखड्यावर क्वचितच असतो, आपल्याला विचारलं नाही यावर असतो.

म्हणून चित्र कच्चं असतानाच घेऊन जा. कागदावर पेन्सिलने काढलेलं असेल तर फारच उत्तम, कारण त्यावर खाडाखोड करायला समोरच्याला संकोच वाटत नाही. एकेकाला वीस मिनिटं भेटा आणि तीन गोष्टी विचारा: यात तुमचं काम कुठे दिसतं? हे कुठे मोडेल? मोडलं तर फोन कुणाला येईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. ज्याला फोन येतो, त्याचा होकार मिळाल्याशिवाय बोर्डाची मंजुरी कागदावरच राहते.

आपल्या शास्त्रालाही माणसं जरा उशिराच दिसली. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या आराखड्यात तीन रकाने होते: डेटा, कार्य आणि नेटवर्क. माणसं, वेळ आणि हेतू यांचे रकाने १९९२ च्या विस्तारात आले. आज टोगॅफ या आर्किटेक्चरच्या प्रचलित पद्धतीच्या पहिल्याच टप्प्यात, आर्किटेक्चर व्हिजनमध्ये, स्टेकहोल्डर (ज्यांचा या कामाशी संबंध येतो ती माणसं) कोण आणि त्यांची चिंता काय हे शोधायला सांगितलंय. बहुतेक ठिकाणी तो तक्ता एकदा भरला जातो आणि पुन्हा कुणी उघडत नाही.

"बघतो" म्हणजे होकार समजणं

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. त्यामुळे "बघतो", "करूया की", "साहेबांशी बोलून सांगतो" यांचा अर्थ बहुधा नकारच असतो. त्यावर लगेच तारीख मागितलीत तर माणूस आणखी आक्रसतो. "यात तुम्हाला अवघड काय जाईल?" असं विचारा. अडचण सांगायला लोक तयार असतात, नकार द्यायला नसतात.

भाषेची गल्लत

बैठक इंग्रजीत चालते आणि वीस वर्षं ती सिस्टीम सांभाळलेला माणूस गप्प बसतो. त्याला काही म्हणायचं नाही असा निष्कर्ष काढू नका, नंतर जागेवर जाऊन मराठीत विचारा. पण उलट चूकही होते. खोलीत तमिळ किंवा बंगाली सहकारी असताना आपण दोघं-तिघं मराठीत शिरलो, की तो चर्चेतून बाहेर पडतो. मराठीत ठरलेलं तिथल्या तिथे सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगा.

एकच चित्र सगळ्यांना दाखवू नका, हे तर पुस्तकांतही आहे. फायनान्सला खर्च आणि वर्ष हवं, डेव्हलपरला इंटरफेस, ऑपरेशन्सला रात्रपाळी.

शेवट दाखवणं, मधला काळ गाळणं

नवी मुंबईकरांना हे पटकन कळेल. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, पण मानखुर्दहून लोकल वाशीत आली ती १९९२ मध्ये. मधली वर्षं कशी काढली ते जुन्या वाशीकरांना विचारा. आपल्या रोडमॅपवर तीन वर्षांनंतरचं चित्र रेखीव असतं, पण दोन्ही सिस्टीम एकत्र चालवाव्या लागतात त्या महिन्यांत दुप्पट काम कोण करणार, हे कुठेच नसतं. लोक नव्याला घाबरत नाहीत, त्या महिन्यांना घाबरतात. या मधल्या अवस्थेला टोगॅफ ट्रांझिशन आर्किटेक्चर म्हणतं. बोलताना सुरुवात तिथूनच करा.

आणखी एक सवय सोडा. मतभेद झाला की ईमेलमध्ये समोरच्याच्या साहेबांना सीसी करणं. काम एकदा होतं, पण त्या माणसाचे दरवाजे कायमचे बंद होतात. आधी उठून त्याच्या टेबलापाशी जा. बोलून जे ठरेल ते एका पानात लिहा: परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय. आणि पाठवण्याआधी त्यालाच वाचायला द्या.

त्या रात्रीच्या फायलींचं पान आम्ही असंच लिहिलं. रिजेक्ट नोंदींसाठी वेगळी रांग आणि दुरुस्तीचा स्क्रीन आला. त्यावर काय काय दिसायला हवं, ते त्या दोन पोरांनी फळ्यावर काढून दाखवलं. काम सुरू झालं त्या पहिल्या रात्री मीही दोन वाजता त्यांच्याबरोबर बसलो होतो.